हा भुंगा कोणता?



मराठींत 'भुंगा' हा शब्द फार उदार आहे. फुलावर गुंजारव करणारा तो भुंगा, घराच्या तुळईला वाटोळें भोंक पाडणारा तो भुंगा, आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर दिव्याकडे झेपावून भिंतीवर आपटणारा तोहि भुंगाच. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायांत कोरडें लांकूड पोंखरणारा, परंतु कोंवळ्या कळींत अडकून पडणारा जो भ्रमर येतो, तो प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें मधमाशीच्या गोत्रांतला एक काळा, थोराड कीटक आहे. त्याचे पंख पातळ, पापुद्र्यासारखे असतात. दिव्यावर आपटणारा जो, त्याचें कुळ अगदीं निराळें. शेतकीच्या पुस्तकांत त्याला भुंगेरा म्हणतात. आज मला बोलावयाचें आहे तें या भुंगेर्‍यांविषयीं, व त्यांतहि एकाच प्रश्नाविषयीं: अंगणांत, वाडींत किंवा वाटेवर कधीं न पाहिलेला भुंगा सांपडला, तर तो कोण हें ओळखावयाचें कसें, आणि ओळखण्याचा इतका खटाटोप करावयाचा तरी कशासाठीं?

रेवस हें अलिबाग तालुक्याचें उत्तरेकडील टोंक. धरमतरच्या खाडीच्या मुखाशीं हें बंदर आहे. खाडीपलीकडे समोर उरणचें करंजें दिसतें. एका अंगाला चिखल, तिवरांचें रान व खारभूमीचे बांध. दुसर्‍या अंगाला मांडवा, सासवणें, आवास, किहीम अशी नारळीपोफळीच्या वाड्यांची रांग. एवढ्या लहानशा पट्ट्यांत चिखलावरचे, झाडावरचे, शेणांतले, धान्यांतले असे नाना तर्‍हेचे भुंगे भेटतात. ज्यांना असें वाटतें कीं कीटक पाहावयास दूरच्या अरण्यांत जावें लागतें, त्यांना मी किहीमचें उदाहरण देत असतों. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनीं १९३० सालीं त्याच गांवीं राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. सुगरण हा कांहीं दुर्मिळ पक्षी नव्हे. परंतु नर घरटें अर्धें विणतो, मादी येऊन तें पारखते आणि पसंत पडल्यासच तेथें नांदते, ही गोष्ट त्यांनीं रोज तेंच तें पाहून निश्चित केली. रोजच्या वस्तूकडे नीट पाहणें हेंच खरें कठिण. असो, आपण भुंग्याकडे वळूं.

सांपडलेला कीटक मुळांत भुंगेरा आहे कीं नाहीं, हें प्रथम ठरवावें. त्यासाठीं त्याची पाठ पाहावी. भुंगेर्‍याच्या पंखांच्या दोन जोड्यांपैकीं पुढची जोडी उडण्यासाठीं नसतेच. ती कठिण होऊन पेटीच्या दोन झांकणांसारखी बनलेली असते, आणि हीं दोन्ही झांकणें पाठीच्या मधोमध एका सरळ रेषेंत मिळतात. उडण्याचे खरे पंख त्यांच्याखालीं घडी घालून ठेवलेले असतात. पाठीवर ही सरळ शिवण दिसली कीं बहुधा तो भुंगेरा. झुरळाचे पंख एकावर एक चढलेले असतात. ढेकणाच्या गोत्रांतले जे वास मारणारे हिरवे-तपकिरी कीटक रात्रीं दिव्यावर येतात, त्यांच्या पंखांचीं टोंकें पाठीवर एकमेकांना छेदतात, आणि तोंडाच्या जागीं पोटाखालीं वळवलेली एक सुई असते. भुंगेर्‍याला सुई नसते; त्याला चावण्याचे जबडे असतात. या एका खुणेनें संशयाचें अर्धें जाळें तुटतें. काजवा हा देखील भुंगेराच आहे, हें कळल्यावर पुष्कळांना नवल वाटतें. पण दिवसा उजेडीं त्याची पाठ पाहिल्यास ती शिवण स्पष्ट दिसते.

एवढें झाल्यावर मनुष्य साहजिकच विचारतो, "मग याचें नांव काय?" येथें जरा धीर धरावा लागतो. जगांत आजवर सुमारे चार लक्ष जातींचे भुंगेरे नोंदले गेले आहेत. नांव मिळालेल्या सर्व प्राणिजातींचा हा जवळजवळ चवथा हिस्सा होय. आपल्या देशांतील भुंगेर्‍यांवर मोठें काम झालें नाहीं असें नाहीं. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा हिंदुस्थानांतील कीटकांवरील जाडजूड ग्रंथ १९०९ सालीं निघाला. 'ब्रिटिश हिंदुस्थानचे प्राणी' या मालेंत गिल्बर्ट ॲरो यांनीं शिंगाळ्या भुंगेर्‍यांच्या कुळाचा खंड १९१० सालीं व शेणांतल्या भुंगेर्‍यांचा खंड १९३१ सालीं लिहिला. तरीहि वाटेवर सांपडलेल्या प्रत्येक किड्याचें जातिवाचक नांव घरबसल्या मिळेल ही आशा व्यर्थ आहे. पुष्कळ वेळां तें नांव तज्ज्ञालाहि सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं अवयव तपासल्यावांचून सांगतां येत नाहीं. आपल्याला गरज असते ती कुळाची. नवा पाहुणा दारीं आला म्हणजे आपण त्याचें पाळण्यांतलें नांव विचारीत नाहीं. कोठला, कोणाचा, कशासाठीं आला, एवढेंच विचारतों. भुंग्याच्या बाबतींत या तीन प्रश्नांचीं उत्तरें त्याच्या अंगावरच लिहिलेलीं असतात.

त्यांतली सर्वांत वाचण्याजोगी ओळ म्हणजे मिशा. रंगावर भरंवसा ठेवूं नये. रंग मेल्यावर फिका पडतो, आणि एकाच रंगाचे परके भुंगे पुष्कळ असतात. मिशा मात्र सहसा फसवीत नाहींत. मिशांच्या टोंकाला लहान लहान पानांचा पंखा असेल आणि तो उघडतो-मिटतो असें दिसलें, तर तो शेणकिडे, हुमणीचे भुंगे व गेंड्या भुंगा यांच्या मोठ्या घराण्यांतला. मिशा अंगाहूनहि लांब, मागें वळलेल्या असतील, तर तो लांकूड पोंखरणार्‍यांपैकीं. आंब्याच्या खोडांत जी अळी शिरते आणि जिला कोंकणांत भिरूड म्हणतात, तिचा भुंगा याच कुळांतला असून हातांत धरला असतां तो कुरकुर असा आवाज करतो. त्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. तोंड पुढें लांबून त्याची सोंड झाली असेल आणि मिशा त्या सोंडेवरच, कोपरांत वांकलेल्या हातासारख्या बसवलेल्या असतील, तर तो सोंडे-वर्गांतला. म्हणजे आपल्या तांदळांतील सोंड्याचा भाऊबंद. आणि उताणा ठेवला असतां 'टक्' असा आवाज करून जो उसळी मारतो, त्याची ओळख तर लहान मुलेंहि विसरत नाहींत.

मिशांच्या खालोखाल महत्त्व जागेला व वेळेला आहे, आणि नेमकें तेंच कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. किडा डबींत घालून आणणारा मुलगा तो कोठें सांपडला हें विचारलें कीं "तिकडे" म्हणून बोट दाखवितो. पण शेणाच्या पोहाखालीं सांपडलेला काळा भुंगा आणि नारळाच्या शेंड्यांतून काढलेला काळा भुंगा यांत महदंतर आहे. ओहोटीच्या वेळीं ओल्या वाळूवर जो लांब पायांचा चपळ भुंगेरा आपल्या पावलांपुढून भुरकन् उडतो, चार हातांवर बसतो आणि पुन्हां आपल्याकडे तोंड करून उभा राहतो, तो शिकारी आहे. माशा-मुंग्या हें त्याचें अन्न. तो इतका वेगानें धांवतो कीं धांवतां धांवतां त्याला भक्ष्य दिसेनासें होतें, म्हणून मध्येंच थबकून तो पुन्हां नेम धरतो. त्याला वाडींतल्या नारळाशीं कांहीं देणेंघेणें नाहीं. किडा ज्या झाडावर, ज्या फुलावर, ज्या दिव्याखालीं सांपडला, तें ठिकाण त्याच्या नांवाचा अर्धा भाग समजावा. दिव्याखालीं सांपडलेल्याविषयीं मात्र एवढें ध्यानांत असावें कीं तो तेथला रहिवासी नव्हे. तो प्रवासांत भेटलेला आहे.

आतां 'कशासाठीं' या प्रश्नाकडे येतों.

आमच्या भागांतील वाड्यांना दोन भुंग्यांचा जाच आहे. एक गेंड्या भुंगा आणि दुसरा सोंड्या भुंगा. लोक दोघांनाहि नुसतें 'भुंगा लागला' असेंच म्हणतात, आणि अनर्थ तेथूनच सुरू होतो.

गेंड्या भुंगा काळा, तकतकीत, ३५ ते ५० मिलिमीटर लांबीचा. डोक्यावर मागें वळलेलें एक शिंग असतें. नराचें मोठें, मादीचें आंखूड. शिंगाच्या मागें पाठीचा पुढचा भाग चमच्यानें उकरल्यासारखा खोलगट असतो. मादीच्या मागच्या टोंकाला तांबूस केंसांचा दाट झुबका असतो. शेणांतल्या कांहीं मोठ्या भुंग्यांनाहि शिंग असतें, म्हणून घोटाळा होतो. परंतु शेणकिड्याचें डोकें खोर्‍यासारखें चपटें व पसरट असतें आणि जबडे त्याखालीं झांकलेले असतात. या गेंड्या भुंग्याची गंमत अशी कीं झाडाला त्रास देतो तो हा वयांत आलेला भुंगाच. तो रात्रीं येतो, नारळाच्या शेंड्यांत शिरतो, कोंवळ्या न उमललेल्या झावळीला भोंक पाडून आंतला रस पितो आणि चघळलेला चोथा बाहेर ढकलतो. पुढें ती झावळी उलगडली म्हणजे तिच्यावर कात्रीनें कापल्याप्रमाणें त्रिकोणी खाचा दिसतात. मात्र त्याचीं अंडीं, त्याच्या अळ्या, त्याचे कोष यांतलें कांहींच झाडावर नसतें. तें सर्व उकिरड्यांत, शेणखताच्या खड्ड्यांत किंवा कुजलेल्या माडाच्या खोडांत वाढतें. अळी पांढरी, जाड, अर्धचंद्रासारखी वळलेली असून तिला पुढच्या बाजूस पायांच्या तीन जोड्या असतात. महिन्यांमागून महिने ती कुजलेला पालापाचोळा खात स्वस्थ पडलेली असते.

सोंड्या भुंग्याचें सर्व उलट. तो तांबूस, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा, सुमारे ३५ मिलिमीटरांचा. पाठीच्या पुढच्या भागावर बहुधा काळे ठिपके असतात. तोंडाला लांब, किंचित् खालीं वळलेली सोंड. नराच्या सोंडेवर केंसांची एक बारीक कूंच असते, मादीची सोंड गुळगुळीत. वाढलेला भुंगा स्वतः झाडाचें फारसें नुकसान करीत नाहीं. मादी खोडावरच्या जखमेचा वास घेत येते आणि त्या जखमेंत अंडीं घालते. एक मादी शेंकड्यांनीं अंडीं घालते. त्यांतून निघालेल्या अळ्यांना पाय मुळींच नसतात, कारण त्यांना कोठें जावयाचेंच नसतें. चहूंकडे अन्नच असतें. त्या खोडाचा आंतला मऊ गर खात बोगदे पाडतात आणि सुंभासारख्या तंतूंचे कोष करून तेथेंच निजतात. बाहेरून झाड हिरवें दिसतें. मग एखाद्या भोंकांतून तपकिरी चिकट रस ओघळूं लागतो, भुसा बाहेर येतो. आणि शेंडा सुकला तेव्हां आंत कांहीं उरलेलें नसतें.

म्हणजे पहिला भुंगा प्रौढपणीं वाईट आणि बाळपणीं निरुपद्रवी; दुसरा प्रौढपणीं जवळजवळ निरुपद्रवी आणि बाळपणीं घातकी. पहिल्याचें बिर्‍हाड उकिरड्यांत, दुसर्‍याचें झाडाच्या पोटांत. नांव ओळखण्याचा उपयोग हाच, कीं कोठें जाऊन शोधावयाचें तें कळतें. आमच्या आळींतील एका बाईंच्या वाडींत जें घडलें तें सांगितल्यावांचून हें नीट ध्यानांत यावयाचें नाहीं.

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' हें चक्रीवादळ आमच्या किनार्‍यावर आलें. श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग या तीनहि तालुक्यांतील वाड्या त्यानें झोडपून काढल्या. आजोबांनीं लावलेले माड नातवांच्या डोळ्यांदेखत आडवे झाले. या बाईंच्या वाडींतले अकरा माड गेले, सात राहिले. मुलगा मुंबईस नोकरीला. घरीं या एकट्या, आणि घरखर्चाला आधार या सात झाडांचा. पुढें दोन-तीन वर्षांनीं एका माडाचा शेंडा पिंवळा पडूं लागला. बाईंनीं फोनवर मुलाला कळविलें, "भुंगा लागला." मुलानें एका औषधांच्या दुकानांत जाऊन 'भुंग्याचें औषध' मागितलें, दुकानदारानेंहि कोणता भुंगा म्हणून विचारलें नाहीं, व शेंड्यांत टाकण्याची भुकटी दिली. माडावर चढणार्‍या गड्याला मजुरी देऊन ती दोनदां शेंड्यांत घातली. झाड कांहीं सुधारलें नाहीं. एके दिवशीं सकाळीं त्या बाई माझ्याकडे एक स्टीलची डबी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, यो कंचा किरा? झाराखालीं गावला."

डबींत तांबडा सोंड्या होता.

वाडींत गेल्यावर खोडाला कान लावला. आंतून कोणी तरी सुकी भाकरी कुरतडीत असावें असा बारीक आवाज येत होता. जमिनीपासून हातभर उंचीवर, वादळांत शेजारचें झाड पडतांना लागलेली एक जुनी जखम होती आणि तिच्यांतून तपकिरी ओघळ आला होता. तो कोणी पाहिला नव्हता, कारण सर्वांचें लक्ष शेंड्याकडे होतें. झाड पाडलें तेव्हां खोडाच्या पोटांत भुसा, पांढर्‍या बिनपायांच्या अळ्या आणि काथ्याच्या गुंडाळीसारखे कोष यांची रास निघाली. तें खोड फोडून त्याच दिवशीं जाळलें. तसेंच टाकतों तर आंतल्या कोषांतून निघालेले भुंगे शेजारच्या माडांवर गेले असते. आणखी एका माडाच्या जखमेंतून नुकताच रस येऊं लागला होता. शेतकी अधिकार्‍यांना बोलावून त्यावर वेळेवर उपचार झाले आणि तो वांचला. आज त्या वाडींत सहा माड आहेत. सोंड ही खूण आधीं कोणी विचारली असती तर सात असते.

वादळाचा आणखी एक परिणाम लक्षांत घेण्याजोगा आहे. पडलेल्या माडांचे ओंडके व बुंधे अनेक वाड्यांत तसेच राहून गेले. माणूस तरी काय करणार? तोडणावळ परवडत नाहीं. परंतु असा कुजणारा ओंडका म्हणजे गेंड्या भुंग्याचें सूतिकागृह. वादळानें उभ्या राहिलेल्या माडांना जखमा केल्या त्या सोंड्याच्या सोईच्या, आणि आडव्या पडलेल्या माडांचीं खोडें कुजलीं तीं गेंड्याच्या सोईचीं. शिवाय गेंड्यानें शेंड्याला पाडलेलें भोंक सोंड्याला आयतें प्रवेशद्वार होतें. दोघे परके, पण एकाचा पायगुण दुसर्‍याला लाभतो.

यांवरील उपायांचा पाढा मी येथें वाचणार नाहीं. औषधांचीं नांवें व प्रमाणें जाणत्याकडूनच घ्यावीं. साधी गोष्ट तेवढी सांगतों. गेंड्यासाठीं शेणखताचा खड्डा दोन-तीन महिन्यांनीं उलथून अळ्या वेंचाव्या. कोंबड्यांना ती मेजवानी असते. भोंकांत लपलेला भुंगा तारेच्या आंकडीनें ओढून काढावा, आणि कोंवळ्या झावळ्यांच्या बेचक्यांत वाळू व निंबोळी पेंड मिसळून घालावी. सोंड्यासाठीं झाडाला जखम होऊं न देणें हेंच मुख्य. चढण्यासाठीं खोडाला खांचा पाडण्याची जुनी रीत त्या दृष्टीनें घातक. हिरवी झावळी तोडावीच लागली तर खोडालगत न छाटतां हातभराहून अधिक देंठ ठेवावा. दोघांसाठींहि 'कामगंध सापळे' मिळतात, पण तेहि वेगवेगळे. एकाच्या गंधाला दुसरा येत नाहीं. तेथेंहि ओळख चुकली तर सापळा रिकामा राहतो.

हे दोन किडे आमच्याच वाड्यांपुरते आहेत असें कोणी समजूं नये. लिनियस यानें १७५८ सालीं ज्या थोड्या कीटकांना शास्त्रीय नांवें दिलीं त्यांत हा गेंड्या होता. १९०९ च्या सुमारास तो सिंहलद्वीपाहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर पॅसिफिक महासागरांतील सामोआ बेटांवर जाऊन पोंचला, आणि तेथून पुढें इतर बेटांवर पसरला. नारळ हेंच ज्यांचें अन्न व धन, त्या लोकांची यामुळें दाणादाण उडाली. पुढें आलॉइस ह्यूगर या जर्मन शास्त्रज्ञाला १९६३ सालीं मलायांत या भुंग्याला रोग जडविणारा एक विषाणु सांपडला व तो १९६७ सालीं सामोआंत सोडण्यांत आला. तेव्हां कोठें उपद्रव आटोक्यांत आला. तरीहि २००७ सालीं तो ग्वाम बेटावर आणि २०१३ सालीं हवाईवर दाखल झालाच. सोंड्याचा प्रवास पश्चिमेकडे झाला. मूळचा आपल्या व आग्नेय आशियाच्या बाजूचा हा किडा १९८० नंतरच्या दशकांत आखाती देशांतील खजुरींवर दिसला, आणि त्यापुढच्या दशकांत मिसर व स्पेनपर्यंत गेला. बागांच्या शोभेसाठीं ताडवर्गीय झाडांची आयात झाली. त्यांच्या पोटांत बसून हे बिनभाड्याचे उतारू समुद्र ओलांडून गेले. भूमध्य समुद्राच्या कांठच्या शहरांतील रस्त्यांवरील हजारों झाडें त्यांनीं संपविलीं.

हें ऐकून उद्यां सकाळीं कोणी चप्पल घेऊन दिसेल त्या भुंग्याच्या मागें लागेल अशी मला थोडी भीति वाटते. तसें करूं नये. बहुसंख्य भुंगे आपल्याला उपद्रव तर करीत नाहींतच, उलट उपकारच करतात. शेणकिडा शेण जमिनींत पुरून ती सुपीक करतो. पाठीवर ठिपके असलेला वाटाण्याएवढा तकतकीत भुंगेरा, ज्याला शेतकी खात्याचे लोक ढालकिडा म्हणतात, तो व त्याची अळी मिळून पिकावरील मावा खाऊन फस्त करतात. याच ढालकिड्याच्या घराण्यांत मात्र एक कुलकलंक निघाला आहे. तो वांग्याच्या पानांचा हिरवा भाग खरवडून पानाची जाळी करतो. त्याच्याहि पाठीवर ठिपके असतात, बहुधा अठ्ठावीस. परंतु त्याची पाठ तकतकीत नसून बारीक लव असल्यामुळें मळकट दिसते. गच्चीवर कुंड्यांतून वांगीं लावणार्‍या मुंबई-पुण्याच्या गृहिणींनीं हा भेद ध्यानांत ठेवावा. नाहीं तर मित्र मरतो आणि शत्रु पोसला जातो.

आणखी दोन भुंगे असे आहेत कीं ज्यांना बोटानें स्पर्श न केलेला बरा. पावसाळ्याच्या अखेरीस भेंडीच्या, तुरीच्या फुलांवर काळ्या अंगावर नारिंगी-पिंवळे पट्टे असलेला एक मऊ अंगाचा भुंगा बसतो. त्याला डिंवचल्यास पायांच्या सांध्यांतून तो एक रस सोडतो आणि त्यानें कातडीवर फोड येतात. दुसरा फार लहान, नारिंगी व काळा, मुंगीसारखा दिसणारा. त्याचीं पाठीवरचीं झांकणें इतकीं आंखूड असतात कीं अर्धें अंग उघडेंच राहतें. तो रात्रीं दिव्याखालीं मानेवर किंवा हातावर येऊन बसतो. झोपेंत तो चिरडला गेला तर दुसर्‍या दिवशीं कातडी भाजल्यासारखी लाल होते, आणि तोच हात डोळ्यांला लागला तर डोळा सुजतो. लोक समजतात कीं किडा चावला. पण तो चावत नाहीं, त्याच्या अंगांतील रसाचा तो परिणाम असतो. म्हणून त्याला न चिरडतां फुंकरीनें उडवावा, आणि चुकून चिरडलाच तर जागा साबणानें लगेच धुवावी.

शेवटीं अनोळखी भुंगा जाणत्याला दाखवावयाचा तर कसा, तें सांगतों. हल्लीं खिशांतल्या फोननें छायाचित्र काढून यंत्रालाच नांव विचारण्याची सोय झाली आहे. मी तिच्या विरुद्ध नाहीं. परंतु बहुतेक लोक वरून एकच चित्र घेतात. त्यांत मिशा दबलेल्या असतात, तोंड दिसत नाहीं, पाय पोटाखालीं असतात; आणि यंत्र मात्र मोठ्या आत्मविश्वासानें उत्तर देतें. तीन चित्रें घ्यावीं: एक वरून, एक बाजूनें, आणि एक पोटाकडून. शेजारीं मोजपट्टी ठेवावी, 'केवढा होता?' याचें उत्तर 'एवढा मोठा' असें हात पसरून देऊं नये. प्रत्यक्ष नमुनाच पाठवावयाचा असल्यास भुंगा बंद डबींत घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यांत एक रात्र ठेवावा. मग तो पूर्ण वाळवून, कापसांत अलगद गुंडाळून कडक डबींत भरावा. प्लास्टिकच्या पिशवींत ओला किडा भरल्यास चार दिवसांत बुरशी येते आणि मिशा गळून पडतात. संग्रहासाठीं टांचणी टोंचावयाची ती मध्यभागीं नव्हे, तर उजव्या झांकणांतून. म्हणजे मधली शिवण व डावी बाजू तपासणीला शाबूत राहते. माडापोफळीच्या किड्यांसाठीं रत्नागिरीजवळच्या भाट्याचें नारळ संशोधन केंद्र व दापोलीचें कोंकण कृषि विद्यापीठ यांकडे विचारणा करावी. इतर भुंग्यांसाठीं मुंबईची १८८३ सालीं स्थापन झालेली निसर्ग-इतिहास संस्था, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, आणि भारतीय प्राणि-सर्वेक्षण संस्थेचें पुण्यांतील केंद्र आहे.

आणि डबींत एक चिठ्ठी न विसरतां घालावी. ती शिसपेन्सिलीनें लिहावी, कारण शाई दमटपणानें पसरते. तींत गांव, तालुका, तारीख, वेळ, किडा कशावर सांपडला, आणि सांपडविणाराचें नांव, एवढें असलें म्हणजे पुरे. उदाहरणार्थ: रेवस, तालुका अलिबाग, १२ जून, रात्रीं नऊ, बंदरावरील दिव्याखालीं, पाऊस थांबल्यावर.